उभ्या पाऊचच्या पोटात काय असतं?

बार्शीहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांच्या बचत गटातल्या सहाजणी मिळून शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला करून विकतात. हाताला चव आहे, स्वच्छता आहे, गिऱ्हाईकही बांधलेलं आहे. इतके दिवस साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माल द्यायच्या, तो आठ-दहा दिवसांत घरोघरी संपून जायचा आणि कधी कुणी नाव ठेवलं नाही. यंदा एका मोठ्या दुकानदाराने माल फळीवर ठेवून घ्यायची तयारी दाखवली. अट एकच, "पॅकिंग जरा बघण्यासारखं करा." तेव्हा या सगळ्याजणींनी गटाच्या शिलकीतून उभे राहणारे पाऊच आणले. तपकिरी कागदाचे, मधोमध पारदर्शक खिडकी, वर झिप. दिसायला इतके देखणे की नुसतेच कुणाला भेट द्यावेत! दीड महिन्याने चटणीची चाळीस पाकिटं परत आली. खवट म्हणून. भाजणीबद्दल तक्रार नाही, मसाल्याचा "वास कमी झालाय" एवढंच. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "आमच्या हाताला काय झालं?"

हाताला काहीएक झालेलं नाही, ताई. चटणी तीच आहे. आठ दिवसांत संपायची तेव्हा पिशवीला काही कामच नव्हतं. सांडू नये एवढंच तिने बघायचं. आता तीच चटणी दीड महिना दुकानाच्या दिव्याखाली उभी राहिली. म्हणजे पाऊचला राखण करायला बसवलं आणि राखणदार निवडला तो कपडे बघून.

हे पत्र सगळ्यांसमोर घेते आहे, कारण चटणी-मसाल्याचा असा जोडधंदा करणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळजणी पाऊच घेताना आकार, रंग आणि भाव एवढंच विचारतात. आणि ज्या धंदा करत नाहीत त्याही दर महिन्याला असे दहा-बारा पाऊच घरी आणतातच. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई, रसायनशास्त्राची आणि माझी ओळख दहावीपुरतीच. पण आमच्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुटीत गाठून आणि पाऊच विकणाऱ्या दुकानात दोन दुपारी बसून जे समजून घेतलं, ते सांगते.

आधी तो उभा का राहतो ते बघू. घरातला कुठलाही उभा पाऊच घ्या, रिकामा करून पुसा आणि उलटा धरा. पुढचा एक तुकडा, मागचा एक तुकडा, आणि तळाला आत दुमडलेली एक घडी. सदऱ्याच्या काखेत हात नीट हलावा म्हणून जसा जादा तुकडा जोडतात ना, तसाच हा तळाचा जादा तुकडा. आत माल पडला की त्याच्या वजनाने घडी उघडते, तळ लांबट गोल होतो आणि दोन्ही बाजूंचे वळणदार सील पायांसारखे टेकतात. रिकामा पाऊच पडतो आणि भरलेला उभा राहतो तो यामुळे.

आता त्या घडीच्या दोन्ही टोकांना निरखून पाहा. बहुतेक पाऊचना तिथे घडीच्या कापडाला (कापडच म्हणते, बोलायला बरं पडतं) एक छोटं गोल किंवा अर्धगोल भोक पाडलेलं दिसेल. मला आधी वाटलं होतं, कापणीतला दोष असेल. पण त्यातच सगळी गंमत आहे. पाऊचची फक्त आतली बाजू उष्णतेने चिकटते, बाहेरची चिकटत नाही. तळाच्या घडीत बाहेरच्या बाजू एकमेकींसमोर येतात, त्या चिकटणार कशा? म्हणून घडीला भोक पाडायचं. त्या भोकातून पुढच्या तुकड्याची आतली बाजू मागच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला भेटते आणि तिथे कोपरा घट्ट जुळतो. शिवणकामात आपण टाका घालून कोपरा पक्का करतो, तो हा टाका.

टाक्याची आठवण उगीच आली नाही. फ्रान्समध्ये बार्थेलमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं होतं. पॅरिसमध्ये त्याच्या यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले, तेव्हा आपली भाकरी जाणार म्हणून हाताने शिवणाऱ्या शिंप्यांनी कारखान्यावर चाल करून यंत्रं मोडून टाकली. त्याचं नाव लावणारी कंपनी पुढे कापडाऐवजी प्लॅस्टिक जोडणारी यंत्रं करू लागली आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तिथल्या लुई डोयेन यांनी हा उभा राहणारा पाऊच काढला. त्यांच्या आडनावावरून त्याला डॉयपॅक म्हणतात. आपल्याकडचे होलसेलवालेही तळाच्या गोल सीलला 'डोयेन सील' म्हणतात ते त्यावरूनच. जर्मनीत १९६९ पासून मुलांसाठी फळांचा रस अशा पाऊचमध्ये विकायला लागले आणि मग हा प्रकार जगभर गेला.

गोल सीलचा पाऊच अर्धा किलोच्या आतल्या मालाला ठीक. त्याहून जड माल असेल तर कोपऱ्यात तिरकं सील मारलेला तळ मागा. त्याला 'के सील' म्हणतात. वजन सीलवर न येता तळावर येतं. डब्यासारखा चौकोनी तळ असलेला पाऊचही मिळतो, तो फळीवर ऐटीत बसतो खरा, पण महाग. दोनशे ग्रॅम चटणीसाठी एवढा थाट कशाला?

थरांची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. पाऊच हा एक कागद किंवा एक प्लॅस्टिक नसतं. दोन, तीन, कधी चार वेगवेगळे पापुद्रे गोंदासारख्या पदार्थाने एकमेकांवर चिकटवलेले असतात आणि प्रत्येकाला वेगळं काम दिलेलं असतं. जुना पाऊच कोपऱ्यातून हळूहळू फाडलात तर कधी कधी पापुद्रे सुटे झालेले दिसतात.

सगळ्यांत आतला, पदार्थाला लागणारा थर असतो पॉलिथिनचा, म्हणजे आपल्या दुधाच्या पिशवीच्या जातीचा. तो जाड असतो, पन्नासपासून शंभर मायक्रॉनपर्यंत. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) हा थर साधारण ११० अंशांना वितळतो, म्हणून सील त्याचंच होतं. सगळ्यांत बाहेर बहुधा पॉलिएस्टर, जेमतेम बारा मायक्रॉनचं. ते अडीचशे अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणून सीलिंग मशीनची तापलेली पट्टी बाहेरून दाबली तरी बाहेरचं पॉलिएस्टर तसंच राहतं आणि आतलं पॉलिथिन वितळून जुळतं. छपाई असते ती या पॉलिएस्टरच्या आतल्या अंगाला, उलटी केलेली. नखाने खरवडली तरी निघत नाही, आणि शाई पदार्थालाही लागत नाही.

पॉलिथिन दमटपणा बऱ्यापैकी अडवतं. पण हवेतला प्राणवायू मात्र त्यातून येत राहतो, आणि मसाल्याचा वासही बाहेर जात राहतो. साध्या पिशवीतला गोडा मसाला कपाटात ठेवला की दार उघडताच घमघमाट येतो ना? आपल्याला वाटतं, काय मसाला आहे! अहो, तो घमघमाट म्हणजे मसाल्यातून उडून गेलेला मालच. पॉलिएस्टर प्राणवायूला पॉलिथिनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त अडवतं, पण पारदर्शक असल्यामुळे उजेडाला अडवत नाही.

या दोघांच्या मध्ये जो थर घालतात त्यावर सगळं अवलंबून. तो कधी असतो खऱ्या अॅल्युमिनियमच्या वर्खाचा, सात ते नऊ मायक्रॉनचा. हवा, पाणी, उजेड, वास, सगळ्यांना दार बंद. कधी असतं 'मेटलाइज्ड' पॉलिएस्टर. म्हणजे निर्वात पोकळीत अॅल्युमिनियमची वाफ करून तिचा नुसता हात फिरवलेलं प्लॅस्टिक. तेही चांदीसारखं चमकतं, पण त्यावरचं अॅल्युमिनियम खऱ्या वर्खापेक्षा शंभराहून अधिक पटींनी पातळ असतं. कामाला चांगलं, स्वस्त, पण वर्खाची सर नाही. दुकानदार दोघांनाही 'सिल्व्हर पाऊच' म्हणतात आणि आपण हो म्हणून घेतो.

या मधल्या थराने किती फरक पडतो त्याचं एक बोलकं उदाहरण जपानमधलं आहे. ओत्सुका कंपनीने १९६८ साली शिजवलेली करी पाकिटात बंद करून विकायला काढली. पाकीट पारदर्शक प्लॅस्टिकचं होतं, आणि करी टिकायची दोन-तीन महिने. पुढच्याच वर्षी पाकिटात अॅल्युमिनियमचा थर घातला आणि टिकण्याची मुदत दोन वर्षांवर गेली.

आणि तो तपकिरी कागद? भगिनींनो, पदार्थ राखण्याच्या कामी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. कागद शोभेचा आणि थोडा ताठपणा देणारा. राखण जी काही होते ती आत चिकटवलेल्या प्लॅस्टिकने. त्यातून मधे खिडकी असली की तेवढ्या जागी एक थर कमीच. बार्शीच्या ताईंची चटणी त्या खिडकीतून दीड महिना उजेड खात होती.

पदार्थाला भीती कशाची?

माझ्या मते पाऊच घ्यायला जाण्यापूर्वी घरी बसून एवढंच विचारावं. आपल्या पदार्थाला भीती कशाची आहे?

शेंगदाणे, तीळ, जवस, सुकं खोबरं यांत तेल भरपूर. तेलाला भीती हवेची आणि उजेडाची. प्राणवायू लागून तेल खवट होतं, आणि उजेड त्याला घाई करतो. कुटल्यावर तर दाण्याचा कण न् कण उघडा पडतो, म्हणून अख्ख्या दाण्यांपेक्षा चटणी लवकर खवटते. तिला खिडकी नकोच. वर्खाचा किंवा निदान मेटलाइज्ड पॉलिएस्टरचा पाऊच हवा. गिऱ्हाइकाला चटणी दिसली पाहिजे असा दुकानदाराचा आग्रह असेल तर लेबलावर फोटो छापा.

चकली, शेव, चिवडा यांचं पहिलं भय सादळण्याचं, खवटपणा नंतरचा. मोठ्या कंपन्यांची वेफर्सची पाकिटं आतून चमकतात आणि फुगलेली असतात ती यासाठीच. आत साधी हवा नसते, नायट्रोजन भरलेला असतो. आपल्याला घरी ते जमणार नाही. मग निदान मेटलाइज्ड पाऊच आणि कमी मुदत. हळद आणि तिखट यांचा रंग उजेडाने उतरतो. गोड्या मसाल्याचा वास उडतो. त्यांना पारदर्शक पाऊच देऊ नये.

उलट भाजणी बघा. डाळी-धान्यं भाजून दळलेली, तेल थोडं. तिला दमटपणापासून आणि किड्यांपासून जपलं की दोन-तीन महिने ती कुरकुर करत नाही. पॉलिएस्टर आणि पॉलिथिन अशा दोन थरांचा साधा पारदर्शक पाऊच तिला पुरतो. वर्खाच्या पाऊचमध्ये भाजणी भरणं म्हणजे रोजच्या वापरायच्या पोलक्याला जरीचे काठ लावण्यासारखं आहे. बार्शीच्या गटाने तिन्ही पदार्थांना एकच पाऊच घेतला. भाजणीला तो नको इतका महाग पडला आणि चटणीला नको इतका हलका. पैसे तेवढेच ठेवून फक्त वाटणी बदलली असती, तरी चाळीस पाकिटं वाचायची शक्यता होती.

कुरडया, सांडगे, पापडाचे तुकडे यांची टोकं बोचरी. त्यांनी पाऊच आतून टोचला जातो आणि एवढ्याशा भोकातून पावसाळ्यात सगळा माल मऊ पडतो. तिथे आतला थर जाड मागावा. नायलॉनचा थर असलेला पाऊच मिळाला तर टोचण्याला तो जास्त टिकतो.

लोणच्याच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे की घरगुती धंद्यात ते पाऊचमध्ये भरूच नये. आंबट, खारट आणि तेलकट, तिन्ही एकदम. तेल सीलच्या जागी चढतं आणि सील सुटतं. बरणी बरी.

आणि मायक्रॉनच्या मागे लागू नका. दुकानदार अभिमानाने सांगतो, "ताई, एकशेवीस मायक्रॉन आहे!" जाडी असेल, पण कशाची? नुसत्या पॉलिथिनची जाडी वाढवून उजेड अडत नाही. थर कोणकोणते आहेत ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. पदार्थाला चालणारा, म्हणजे फूड ग्रेड असल्याचं प्रमाणपत्रही मागा. प्रामाणिक विक्रेता ते दाखवतो.

घरच्या घरी परीक्षा

शंभराचा गठ्ठा घेण्याआधी दोन-चार नग नमुना म्हणून मागून आणा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी लावून पाऊचच्या आत ठेवा. मेटलाइज्ड असेल तर उजेड धूसर का होईना, बाहेर दिसतो. खरा वर्ख असेल तर काळोख. मात्र घडीवर चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर तिथे वर्खाला बारीक भोकं पडली आहेत असं समजा. म्हणून वर्खाचे पाऊच घड्या घालून, दाबून ठेवू नयेत. दुसरी खूण, कोपरा दुमडून सोडून द्या. खरा वर्ख बराचसा दुमडलेलाच राहतो, मेटलाइज्ड लगेच सरळ होतो.

वासाची परीक्षा मला सगळ्यांत आवडली. दोन जातींच्या पाऊचमध्ये सारखाच मसाला भरून सील करा, बाहेरून नीट पुसा आणि दोन स्वच्छ, कोरड्या स्टीलच्या डब्यांत वेगवेगळे ठेवून झाकणं लावा. चार दिवसांनी झाकण उघडून वास घ्या. ज्या डब्यात मसाल्याचा वास भरलाय, तो पाऊच वास सोडतोय. दमटपणासाठी कुरमुरे भरून सील करा आणि न्हाणीघराच्या बाहेरच्या खिडकीत आठवडाभर ठेवा. कुरमुऱ्यांसारखा खरं बोलणारा साक्षीदार नाही.

सीलची परीक्षा बादलीत. पाऊचमध्ये हवा ठेवून सील करा, पाण्यात बुडवून हळूहळू दाबा. बुडबुडे कुठून येतात ते पाहा. बहुतेक वेळा तळाच्या कोपऱ्यातून किंवा आपण मारलेल्या वरच्या सीलमधून. तळातून आले तर पाऊच परत करा. वरून आले तर मशीनची उष्णता कमी आहे किंवा सीलच्या जागी पीठ-तेल लागलं आहे. हे फार होतं. चमच्याने भरताना काठाला चटणी लागते, आपण तशीच पट्टी दाबतो. दिसायला सील झालेलं असतं आणि मधे तेलाची वाट मोकळी. कागदाचा शंकू करून किंवा रुंद तोंडाच्या नरसाळ्याने भरा, सीलची जागा कोरड्या फडक्याने पुसा. उष्णता फार झाली तर सील सुरकुततं, करपतं आणि तिथेच पुढे तुटतं.

झिपबद्दल गैरसमज मोठा आहे. झिप म्हणजे सील नाही. पाकीट उघडल्यानंतर गिऱ्हाइकाची सोय व्हावी म्हणून ती असते. तिच्यातून हवा येते-जाते, आणि पिठाचा, तिखटाचा कण खाचेत बसला की तीही नीट लागत नाही. म्हणून झिपच्या वर, फाडायच्या खाचेच्याही वर, सील मारायचंच. बार्शीच्या पत्रात सीलचा उल्लेख कुठे नाही. ताई, झिपवरच भागवलं नव्हतं ना? तसं असेल तर नुसता पाऊच बदलूनही चटणी पुन्हा खवटेल.

गरम पदार्थ भरून सील करू नका, कितीही घाई असली तरी. आतल्या वाफेचं पाणी होतं, ते खाली उतरतं आणि बुरशीला आमंत्रण. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. पावसाळ्यात शक्य तर दुपारी, कोरड्या हवेत भरावं.

बाजारात दोन प्रकारच्या चिमुकल्या पुड्या मिळतात, त्यांची गल्लत नको. एक दमटपणा शोषते, दुसरी लोखंडाच्या भुकटीची असते आणि प्राणवायू शोषते. चटणीला दुसरी उपयोगी. पण पाऊच हलका असेल तर बाहेरून प्राणवायू येतच राहतो, ती पुडी दोन दिवसांत दमते आणि पैसे वाया.

मापाचं थोडक्यात. पाऊचवर लिहिलेले 'अडीचशे ग्रॅम' हे कुणाच्या अडीचशे ग्रॅमचं माप? पोह्यांच्या चिवड्याचं की हळदीचं? आपला पदार्थ तोलून, भरून पाहा. सील आणि झिप धरून वर चारेक बोटं मोकळी राहायला हवीत. फार मोठा पाऊच घेतलात तर आत हवा जास्त राहते आणि पाकीट अर्धपोटी दिसतं.

'बेस्ट बिफोर सहा महिने' असं दुसऱ्याच्या लेबलावरून उतरवून घेऊ नका. आपल्या पाऊचमध्ये, आपल्या घाण्याची आठ-दहा पाकिटं बाजूला ठेवायची. दर पंधरा दिवसांनी एक उघडायचं, वास घ्यायचा, चाखायचं आणि वहीत तारीख घालून लिहायचं. ज्या दिवशी शंका येईल त्याच्या बरंच अलीकडे मुदत धरायची. कसून तपासणी हवी असेल तर मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग ही १९६६ पासूनची सरकारी संस्था आहे, तिथे वेष्टनांच्या चाचण्या होतात. दोन-तीन गटांनी मिळून खर्च वाटून घेतला तर जड जाऊ नये. लेबलावर नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, मुदत, बॅच नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक हवाच. नोंदणी नसेल तर आधी ती करा, पाऊच मागाहून.

ज्या विकत नाहीत, नुसत्या वापरतात, त्यांच्यासाठी. पाऊच झिपच्या खाली कापू नका. कित्येक घरांत मी झिप कापून केरात गेलेली आणि पाऊचला रबरबँड लावलेला पाहिला आहे! वापरल्यावर आतली हवा हाताने काढून मग झिप लावा. रिकामा मसाल्याचा पाऊच साखरेला वापरू नका, आतलं पॉलिथिन वास धरून ठेवतं. चमकणारा पाऊच मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

आता केराचं. दुधाची पिशवी भंगारवाला घेतो आणि हे पाऊच बाजूला सारतो, त्यात त्याचा दोष नाही. दुधाची पिशवी एका जातीच्या प्लॅस्टिकची, वितळवली की पुन्हा कामाला येते. पाऊचमध्ये पॉलिएस्टर, वर्ख, पॉलिथिन आणि कधी वरून कागद, सगळे गोंदाने एकजीव केलेले. त्यांना वेगळं कोण करणार? जे थर पदार्थाला वाचवतात, तेच पाऊचचा पुनर्वापर अडवतात. तपकिरी कागदाचा पाऊच बघून 'हा बरा, निसर्गाला धरून आहे' असं वाटतं, पण आतलं प्लॅस्टिक तिथेच आहे. मातीत पुरून तो कुजणार नाही, आणि रद्दीतही जाणार नाही. केंद्र सरकारने २०१६ साली प्लॅस्टिक कचऱ्याचे नियम केले, २०२२ साली वेष्टनं बाजारात आणणाऱ्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी ठरवून दिली, आणि त्यात या अनेक थरांच्या वेष्टनांचा वर्ग वेगळा धरला आहे. गोळा झालेला असा बराच कचरा सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातो.

हल्ली सगळेच थर पॉलिथिनचे असलेले, एका जातीचे उभे पाऊच मिळू लागले आहेत. 'मोनो मटेरियल' म्हणून मागायचे. शेंगदाण्याच्या चटणीला त्यातले साधे प्रकार पुरणार नाहीत, पण भाजणीला, मेतकुटाला, नाचणीच्या पिठाला वापरून बघण्यासारखे आहेत. बार्शीच्या गटाने भाजणीपासून सुरुवात करावी असं मी सुचवेन.

घरातले रिकामे पाऊच धुऊन, कोरडे करून कोरड्या कचऱ्यात द्या. फाडताना वरची पट्टी पूर्ण तोडू नका, एका टोकाला लटकती ठेवा. सुट्या पट्ट्या गोळा करायला कुणी वाकत नाही आणि त्या गटारात जातात. आणि पाणी तापवायच्या बंबात तर एकही पाऊच घालू नका. अॅल्युमिनियम जळत नाही, प्लॅस्टिकचा धूर अंगणात मुलांच्या नाकातोंडात जातो, आणि बंबाच्या तळाला जो चिकट थर बसतो तो खरवडायला आपल्यालाच बसावं लागतं.